एकसष्ट सह्यांचा कागद

शनिवारी दुपारी गुणवंतराव कागद घेऊन माझ्या खळ्यावर आले, तेव्हा मी धान उन्हात पसरवत होतो. गुणवंतराव आमच्या गावच्या शाळा समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. त्यांची दोन नातवंडं त्याच शाळेत शिकतात आणि दुपारी तिथंच जेवतात.

कागदावर लिहिलं होतं की शाळेत पोरांचं जेवण शिजवणाऱ्या धुरपताबाईच्या हातचं खाऊन-पिऊन लोकांच्या जिवाला धोका झाला आहे, तरी तिला कामावरून काढण्यात यावं. खाली सह्या आणि अंगठे होते. मी मोजले. एकसष्ट निघाले. सगळ्यांत वर एक ओळ रिकामी ठेवली होती.

"ते तुमच्यासाठी हाय, सुकलूभाऊ," गुणवंतराव म्हणाले. "पयली सही तुमची पायजे. सगळ्यात जास्त तुमचंच गेलं."

माझं काय गेलं ते आधी सांगतो. माझी बायको साधना मागच्या वर्षी पोळ्यानंतर दुसऱ्या आठवड्यात वारली. संध्याकाळी तिचं डोकं दुखत होतं. धुरपता आमची शेजारीण, दोन घरांत एकच भिंत. तिनं गुळवेल, तुळस आणि अद्रक टाकून काढा करून आणला. साधना तो प्याली आणि झोपली. सकाळी मी उठलो तेव्हा ती झोपलेलीच होती. मी तिला उठवलं नाही. धानाच्या बांधीतलं पाणी पाहायला शेतावर गेलो. नऊ वाजता परत आलो, तरी ती तशीच. श्वास चालू होता, पण हाक ऐकू जात नव्हती. गाडी करून आधी तालुक्याला, मूलला नेलं, तिथून चंद्रपूरला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच ती गेली.

तेव्हापासून मी धुरपताशी बोललो नव्हतो. पहिले दोन-तीन महिने ती भिंतीवर वाटीभर भाजी ठेवत असे. मी वाटीला हात लावत नव्हतो. मग तिनं ठेवणं बंद केलं. गावात जिथं जावं तिथं लोक तेच सांगत होते की धुरपताच्या काढ्यानं साधना गेली. पानठेल्यावर तेच, पिठाच्या चक्कीवर तेच. इतके लोक म्हणतात म्हणजे खरंच असणार, असं मीही धरून चाललो होतो.

म्हणून सही करायला मला काही अडचण नव्हती. पेन हातात घेतला. पण कागदावर 'लोकांच्या जिवाला' असं लिहिलं होतं. मी विचारलं, लोकांच्या म्हणजे कोणाकोणाच्या?

गुणवंतरावांनी बोटांवर मोजलं. एक तुमच्या घरची. दुसरी आरमोरीकडची एक बाई, तीही धुरपताचाच काढा प्याली होती. तिसरी, चंद्रपूरला नेता नेता वाटेतच गेली ती.

"ह्या दोन बाया कोन?" मी म्हणालो.

"नाव मले मालूम नाई."

"मंग तुमाले कोनं सांगतलं?"

"सगळेच सांगून राह्यले ना, भाऊ. एकसष्ट लोक खोटं बोलतीन का?"

एकसष्ट लोक खोटं बोलत नाहीत. मी त्या सगळ्यांना ओळखतो. त्यांतले कित्येक जण साधनाला खांदा द्यायला होते.

पण पेन हातात असताना मला सात्यांची गोष्ट आठवली. पावसाळ्यात वारुळाच्या जागेवर जंगलात भुईतून अळंबीच्या छत्र्या उगवतात, त्यांना आमच्याकडे सात्या म्हणतात. त्यांची भाजी फार चांगली होते. एका वर्षी आमच्या गल्लीतल्या बायांनी जंगलातून टोपलंभर आणल्या. पण त्या नेहमीसारख्या दिसत नव्हत्या, दांडा थोडा पिवळा होता. साधनानं विचारलं, ह्या आधी कोणी खाल्ल्या आहेत? बाया म्हणाल्या, सगळेच खातात. ती म्हणाली, सगळे नको, एकीचं नाव सांगा. कोणालाच सांगता आलं नाही. तिनं आपल्या वाट्याच्या उकिरड्यावर टाकून दिल्या. बाकीच्यांनी शिजवून खाल्ल्या आणि कोणालाही काही झालं नाही. सात्या चांगल्याच निघाल्या. गल्ली तिला आठ दिवस हसली. मीही हसलो, कारण माझी भाजी गेली होती.

ती म्हणाली होती, "मले मालूम नव्हतं म्हनून मी टाकल्या. त्यायले बी मालूम नव्हतं, त्यायनं खाल्ल्या. आता हसून राह्यले."

मी पेन परत दिला आणि कागद ठेवून जा म्हणालो. सोमवारी शाळेत सभा आहे, तोवर सांगतो. गुणवंतरावांना ते आवडलं नाही. सही करायला दोन दिवस कायले लागतात, असं ते म्हणाले. तरी कागद ठेवून गेले.

त्या कामावर धुरपताचं घर चालतं. तिचा नवरा सात-आठ वर्षांआधी गेला. पण नुसत्या कामाची गोष्ट नव्हती. असा कागद एकदा वर गेला की धान रोवण्याच्या बायाही तिला आपल्या टोळीत घेणार नाहीत, मग लग्नात कोणी पोळ्या लाटायला बोलावणार नाही. आमच्याकडं बाईवर असं नाव पडलं की ते पुसत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी जास्त विचार करत होतो तो त्या दुसऱ्या दोन बायांचा. मला वाटलं, माझ्यासारखी आणखी दोन माणसं कुठंतरी बसली असतील. त्यांना भेटावं.

संध्याकाळी मी रीताकडं गेलो. रीता चौकात शिलाई मशीन घेऊन बसते आणि गावातली बरीचशी बातमी तिच्या मशीनजवळून जाते. आरमोरीच्या बाईचं मी तिला विचारलं. तिनं ती गोष्ट एका लग्नात ऐकली होती. आरमोरीलाच लग्न होतं, पंगतीत शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं की अशी एक बाई होती, शेजारणीनं दिलेला काढा प्याली आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात वारली. शेजारणीचं नाव धुरपता. रीता दचकली, कारण हे नाव तर आपल्याच गावचं.

"मेली ती बाई आरमोरीची होती का?" मी विचारलं.

"तसं नाई सांगतलं. पोरगी आरमोरीले देली हाय म्हनत होती."

मशीन चालू होती. मग मी म्हणालो, "रीता, माझी दिव्यानी आरमोरीलेच देली हाय."

रीताचा पाय थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग कपड्याकडं पाहिलं. म्हणाली, "म्हंजे ते साधनाबाईच का?"

साधनाच. माझी मुलगी तिथं सासरी आहे, तेव्हा तिच्याकडं भेटायला गेलेल्या बायांनी ऐकलं असणार. ते फिरत फिरत लग्नाच्या पंगतीत आलं आणि गावात परत येईपर्यंत ती दुसरीच बाई झाली होती.

वाटेत गेलेल्या तिसऱ्या बाईचं रीताला झिंगूच्या बायकोकडून कळलं होतं. झिंगू आमच्या गावची गुरं चारतो. रविवारी सकाळी मी तलावाकडं गेलो. गुरं तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या उताराला चरत होती आणि झिंगू मोहाच्या झाडाखाली बसून तंबाखू मळत होता. मला पाहून त्यानं बसायला जागा केली. मी बसलो आणि विचारलं की चंद्रपूरला नेता नेता वाटेत गेली ती बाई कोण.

तो माझ्या तोंडाकडं पाहतच राहिला.

"भाऊ, थट्टा करता का? तुमचीच बाई ते."

"साधना वाटेत नाई गेली. तिसऱ्या दिवशी गेली."

"हाव, मले मालूम हाय. मी होतो ना खांद्याले. पन लोकायले एवढं कुठी ध्यानात राह्यते. गाडीत नेलं अन् मंग बाई परत आली नाई, एवढंच धरलं."

म्हणजे तिन्ही बाया साधनाच होत्या. गुणवंतरावांनी तीन बोटं मोजली ती एकाच बाईची. मी मोहाच्या बुंध्याला पाठ टेकली. दोन माणसांना भेटायचं होतं, ती दोन्ही मीच निघालो.

मग मी शेवटचं विचारलं. काढ्यानं गेली हे त्याला कोणी सांगितलं?

झिंगूनं तंबाखू तोंडात टाकली नाही. हातातच ठेवली. "राहू द्या ना, भाऊ," म्हणाला.

मी म्हणालो, सांग.

"तुमीच सांगतलं."

आमच्याकडं माती देऊन आलं की लोक नदीवर अंघोळ करतात आणि कडुनिंबाचा पाला चावून घरी जातात. झिंगू म्हणाला, पाला चावताना मी त्याच्याजवळ उभा होतो. ओल्या अंगानं. तो काही विचारतही नव्हता. मी आपल्याच मनानं म्हणालो होतो, धुरपताचा काढा प्याली अन् झोपली, मग उठलीच नाई.

"मी आयकलं अन् घरी जाऊन बायकोले सांगतलं. दुसऱ्या कोनाले नाई सांगतलं, भाऊ, गळ्याची आन."

मला ते आठवलं नाही. अजूनही नीट आठवत नाही. पण पाल्याचा कडूपणा आठवला, आणि झिंगूच्या खांद्यावरचा हिरवा गमछा आठवला. तो खोटं बोलत नव्हता.

मी जे म्हणालो ते खरंच होतं. ती काढा प्याली, झोपली, उठली नाही. एकामागून एक झालं तसं मी सांगितलं. काढ्यानं गेली असं मी म्हणालो नव्हतो. ते ऐकणाऱ्यानं जोडलं, किंवा त्याच्या पुढच्यानं जोडलं. मग तेच बोलणं शंभर तोंडांतून फिरून माझ्याकडं परत आलं आणि मला ते माझं आहे हे ओळखू आलं नाही. मला वाटलं, गावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि गावाला वाटत होतं की सुकलूला माहीत आहे, त्याचीच तर बायको.

चालत घरी येताना आणखी एक गोष्ट आठवली. साधनानं अर्धाच काढा घेतला होता. कडू लागतो म्हणून उरलेला तिनं माझ्याकडं सरकवला आणि मी तो पिऊन टाकला होता. त्याच पेल्यातून. एवढी गोष्ट मी चौदा महिने कशी विसरलो?

खरं सांगायचं तर मला ती आठवायची नव्हती. काढ्यानं गेली म्हटलं की माझे ते तीन तास कोणी मोजत नव्हतं. सहा ते नऊ. मी तिला न उठवता पाणी पाहायला गेलो ते. दवाखान्याचा कागद पेटीत ठेवला होता. तो इंग्रजीत होता म्हणून वाचला नाही, असं मी सांगत होतो. दिव्यानीला येतं इंग्रजी. मी तिला कधी विचारलंच नाही, कारण त्यात माझ्या तीन तासांचं लिहिलं असेल अशी मला भीती होती.

मी घरी पोचल्याबरोबर दिव्यानीला फोन लावला. म्हणालो, तुझ्या आईच्या कागदात काय लिहिलं आहे ते सांग. ती म्हणाली की कागद पाहायची गरज नाही, तिला पाठ आहे. आईच्या डोक्यातली नस फुटली होती. आत रक्त साचलं होतं.

मी विचारलं, काढ्यानं?

"काढ्यानं नस फुटत नाई, बाबा."

मग मी ते दुसरं विचारलं. लवकर नेलं असतं तर?

"डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं. तुमी तिथीच होते, पन तुमाले आयकू येत नव्हतं. ते म्हणाले, हे आदल्या दिवशी संध्याकाळपासूनच सुरू झालं होतं, अन् एवढं मोठं होतं का त्याच वेळी दवाखान्यात असती तरी हाती काही नव्हतं." फोनवर तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला. "मले वाटलं तुमाले मालूम हाय. तुमी कधी विचारलंच नाई."

फोन ठेवल्यावर मी खाटेवर बसलो. तोवर मी उभाच होतो हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो. दुपारी झोप लागली. चौदा महिन्यांत दुपारी झोप लागली नव्हती.

सोमवारी सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. तीसेक माणसं आली. धुरपता मागच्या खोलीत स्वयंपाक करत होती. तिला सभेला बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं, सगळं ऐकू जात असणार. गुणवंतरावांनी मला पुढं बसवलं आणि कागद मागितला.

मी कागद दिला आणि मग जे झालं ते सांगितलं. रीता, झिंगू, दिव्यानीचा फोन. उरलेला काढा मी प्यालो तेही सांगितलं. मला सभेत बोलायची सवय नाही. मधे मधे थांबावं लागलं. तीन तासांचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण निघालं तोंडातून.

शेवटी मी म्हणालो, मला सोडून दुसऱ्या कोणाला काही माहीत असेल, धुरपताच्या हातचं खाऊन आपल्या घरात कोणाला काही झालं असेल, त्यानं सांगावं. दुसऱ्याच्या घरचं नको, आपल्याच घरचं. कोणी बोललं नाही. एका म्हाताऱ्यानं हात वर केला, सगळे तिकडं पाहू लागले. त्याला पाणी पाहिजे होतं.

गुणवंतराव कागदाकडं पाहत म्हणाले, "मंग एवढ्या लोकायनं सह्या काऊन केल्या?"

"मी तुमची पाहून केली," रीता म्हणाली. "तुमी अध्यक्ष. मले वाटलं, तुमी चौकशी केली असन."

"अन् तुमी कोनाची पायली, गुणवंतराव?" झिंगू मागून म्हणाला.

गुणवंतरावांनी बोट वरच्या रिकाम्या ओळीवर ठेवलं. त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. "सुकलूभाऊची होईनच म्हनून मी खाली केली," ते म्हणाले.

आधी कोणीतरी फुसकन हसलं. मग सगळेच हसले. गुणवंतरावही हसले, थोडं उशिरानं. एकसष्ट सह्या एका रिकाम्या ओळीच्या भरवशावर उभ्या होत्या. मी तीच ओळ भरायला पेन हातात घेतला होता. हे आठवून मला हसताना घामही आला.

रीता म्हणाली, माझी सही खोडा. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी म्हणाल्या. गुणवंतरावांनी खोडत बसण्यापेक्षा कागदच चार तुकडे करून खिशात घातला. खाली टाकला नाही, शाळेत कचरा होतो म्हणून. मग ते मागच्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले की धुरपताबाई, तुमचं काम चालू राहील, आमच्याकडून चूक झाली. आतून भांड्यावर झारा आपटल्याचा आवाज आला.

लोक गेल्यावर मी मागच्या खोलीत गेलो. ती भाताच्या गंजावर झाकण ठेवत होती. वळून पाहिलं नाही. मी दाराशी उभा राहून म्हणालो, "धुरपताबाई, ते माझ्याच तोंडून निंगालं होतं."

"मले मालूम होतं, भाऊ."

"कधीपासून?"

"झिंगूच्या बायकोनं तेराव्यालेच सांगतलं होतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. भाताची वाफ होती की काय, मला कळलं नाही. "तुमाले येऊन कशी बोलनार? तुमच्या घरातलं मानूस गेलं होतं. म्हटलं, तुमाले तसं म्हनून बरं वाटत असन त म्हना. पन मंग ते गावाचंच झालं. गावाशी एकटी बाई कुठी भांडते."

साधना असती तर तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं असतं की तुमी पायलं का? मग असं काही झालंच नसतं. पण ती असती तर काढ्याचा विषयच निघाला नसता. मी असं उलटसुलट मनात बोलत उभा होतो, तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि सगळी पोरं ताटं घेऊन धावत आली. गुणवंतरावांची नातवंडं सगळ्यांच्या पुढं होती.

सगळ्यांना वाढून झाल्यावर धुरपतानं एका ताटात भात आणि वरण वाढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी पोरांच्या रांगेत भिंतीला टेकून बसलो. वरणात मीठ थोडं जास्त होतं, साधनाही तसंच टाकायची. मी सगळं संपवलं आणि आणखी भात मागितला.

भात वाढताना ती म्हणाली, "पोट दुखलं त पयले मले येऊन सांगजा, भाऊ. बाकीच्या गावाले मंग सांगा."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर वाटी होती. वांग्याची भाजी होती. मी वाटी घरात घेतली, धुऊन परत ठेवताना त्यात चार लिंबं ठेवली.